राजा आणि सरदार भांडले, पण वाटणी कुणाच्या शेताची झाली?



आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी काही मुलं-मुली येतात. मागच्या महिन्यात युरोपचा इतिहास चालू होता. फ्रान्सचा चौदावा लुई आला. गाईडमध्ये ठरलेली वाक्ये होती : लुईने सरदारांची सत्ता मोडली, त्यांना व्हर्सायच्या राजवाड्यात आणून बसवले, केंद्रसत्ता मजबूत केली, आधुनिक राज्याचा पाया घातला. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतले. शेवटी एक मुलगी म्हणाली, "ताई, म्हणजे राजाने सरदारांना वठणीवर आणलं. मग रयत सुटली असेल ना?"

प्रश्न साधा होता, पण गाईडमध्ये त्याचे उत्तर नव्हते. त्या दिवशी मी तिला दोन वाक्यांत काहीतरी सांगितले आणि ते माझे मलाच पटले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे नीट दिलेले उत्तर.

उत्तर आधीच सांगते. नाही, रयत सुटली नाही. सोळाव्या ते अठराव्या शतकात युरोपात राजे आणि प्रांतोप्रांतीचे सरदार एकमेकांशी भांडले, लढले, एकमेकांची डोकीही उडवली. पण तो झगडा जन्माची उतरंड असावी की नसावी यावर नव्हता. तो वाटणीचा झगडा होता. आणि वाटणीची तडजोड झाली तेव्हा ती ज्याला बैठकीत जागा नव्हती त्याच्या पाठीवर झाली. जिथे शेतकऱ्याला स्वतःची जागा होती, तिथे निकाल वेगळा लागला. हे मी मनाचे सांगत नाही, चार देशांचे दाखले देते.

"भाऊ" म्हटल्याचा राग

सुरुवात १६१४ पासून करू. त्या वर्षी फ्रान्समध्ये इस्टेट्स जनरल भरली. म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि उरलेले सगळे, अशा तीन वर्गांची सभा. तिसऱ्या वर्गाच्या वतीने बोलताना आंरी द मेम नावाच्या न्यायाधीशाने म्हटले की हे तिन्ही वर्ग एकाच आईची, फ्रान्सची, लेकरे आहेत, म्हणून ते एकमेकांचे भाऊ आहेत. धर्मगुरू थोरले, सरदार मधले आणि आम्ही धाकटे.

बघा, त्याने बरोबरीसुद्धा मागितली नव्हती. धाकटेपण मान्य करून फक्त "भाऊ" हा शब्द वापरला होता. तेवढ्यावर सरदारांचा वर्ग पेटला. त्यांचा प्रवक्ता बॅरन द सेनसे थेट राजाकडे तक्रार घेऊन गेला. चांभार-मोच्यांच्या पोरांनी आम्हाला भाऊ म्हणायचे नाही, आमच्यात आणि त्यांच्यात मालक-नोकराइतके अंतर आहे, असा त्या तक्रारीचा सूर होता.

आता दुसरी गोष्ट लक्षात घ्या. तिसऱ्या वर्गाच्या बाकांवर बसलेले हे "धाकटे भाऊ" तरी कोण होते? बहुतेक वकील, न्यायाधीश आणि पैसे मोजून सरकारी पदे विकत घेतलेले अधिकारी. १६०४ पासून फ्रान्समध्ये अशी सोय होती की पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी राजाला भरला, की ते पद मुलाला वारशाने देता येई. म्हणजे राजाच्या तिजोरीत पैसा आणि अधिकाऱ्याच्या घरात पिढीजात पद. नांगर धरणारा माणूस त्या सभेत जवळजवळ नव्हताच. त्याच्या नावाने बोलणारे होते, तो स्वतः नव्हता. आणि ही सभा संपल्यावर पुढची भरायला १७८९ साल उजाडावे लागले.

एकच शेत, दोन हात

झगडा कशावर होता हे समजायला त्या काळच्या फ्रेंच शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहिले पाहिजे.

त्याच्या पिकावर पहिला हात सरदाराचा. जमिनीचा खंड, अनेक ठिकाणी पिकातला ठरलेला हिस्सा, काही ठिकाणी वेठ, दळण सरदाराच्याच गिरणीवर न्यायची सक्ती, आणि भांडण झाले तर न्यायनिवाडाही सरदाराच्याच कचेरीत. चर्चचा दशांश वेगळा. त्यावर दुसरा हात राजाचा. "ताय" नावाचा मुख्य थेट कर आणि "गाबेल" नावाचा मिठावरचा कर. देशाच्या मोठ्या भागात ताय हा माणूस बघून लावला जाई. सरदाराला माफ, धर्मगुरूला माफ. कर भरणे हेच खालच्या जन्माचे लक्षण ठरले होते. करपात्र यादीत नाव असणे हाच कमीपणा होता.

आता विचार करा. शेत एकच, पीक तेवढेच. राजाने जास्त ओढले तर सरदाराचा खंड थकतो. सरदाराने जास्त ओढले तर राजाचा कर थकतो. दोघांचे भांडण इथे आहे. अधूनमधून एखादा सरदार "माझी कुळे" म्हणून राजाच्या वसुली-कारकुनाविरुद्ध उभा राहताना दिसतो. एखादा राजा "माझी प्रजा" म्हणून सरदाराविरुद्ध फर्मान काढताना दिसतो. १६६७ च्या एका फर्मानाने गावांनी गमावलेल्या सामाईक जमिनी परत घ्यायची मुभा दिली. ऐकायला छान वाटते. पण कुरण गेलेले गाव कर भरू शकत नाही, हा हिशेब त्यामागे होता. गाय राखायची ती दूध काढण्यासाठी.

बंड कुणी केले आणि शिक्षा कुणाला झाली

राजाने सरदारांवर हात टाकलाच नाही, असे मी म्हणत नाही. टाकला. १६२६ साली कार्डिनल रिशेल्यच्या काळात सीमेवर नसलेले किल्ले पाडण्याचा हुकूम निघाला. १६३२ साली लाँगदोक प्रांताचा गव्हर्नर मोंमोरांसी बंडात सामील झाला. तो फ्रान्सच्या सगळ्यात बड्या घराण्यांपैकी एकाचा होता. त्याचा पराभव झाला आणि तुलूझमध्ये त्याचे डोके उडवण्यात आले. सगळ्या देशाला धडा मिळाला.

पण त्याच काळातली दुसरी यादी गाईडमध्ये नसते. १६३५ साली फ्रान्स स्पेनविरुद्ध उघड युद्धात उतरला आणि कर भराभर वाढले. १६३६-३७ मध्ये नैऋत्य फ्रान्समधले शेतकरी उठले. त्यांना "क्रोकाँ" म्हणत. १६३७ च्या जूनमध्ये ला सोव्हता इथे राजाच्या फौजेने त्यांना चिरडले, सुमारे हजार माणसे मारली गेली. १६३९ साली नॉर्मंडीत मिठाच्या कराच्या अफवेवरून "अनवाणी लोकांचे" बंड झाले. ते बंडखोर राजाचा जयजयकार करत होते, त्यांना फक्त मिठाचा कर नको होता. राजाला आपले दुःख कळत नाही, मधले लोक त्याला फसवतात, अशी त्यांची समजूत होती. राजाचे उत्तर घोडदळाच्या रूपाने आले.

मग १६४८ ते १६५३ मध्ये फ्रोंद नावाचे मोठे बंड झाले. आधी पॅरिसचे उच्च न्यायालय आणि पदाधिकारी उठले, पुढे बडे सरदार. दहा वर्षांच्या लुईला जानेवारी १६४९ मध्ये रातोरात पॅरिस सोडून पळावे लागले. या बंडातला सगळ्यात मोठा सेनानी होता राजाच्याच रक्ताचा सरदार, काँदे. तो नुसता बंड करून थांबला नाही, शत्रूला, म्हणजे स्पेनला जाऊन मिळाला आणि स्वतःच्या देशाच्या फौजेविरुद्ध लढला. त्याला गैरहजेरीत मृत्युदंडही सुनावला गेला.

मग त्याचे काय झाले? १६५९ साली फ्रान्स-स्पेन तह झाला आणि काँदेला माफी मिळाली. जमीनजुमला परत, बर्गंडी प्रांताचे गव्हर्नरपद परत, पुढे फौजेचे नेतृत्वही परत. १६६८ साली त्याने लुईसाठी फ्रांश-काँते जिंकून दिला. म्हातारपणी आपल्या वाड्यात सन्मानाने राहिला.

जो शत्रूला मिळाला त्याला माफी, आणि जो मिठाच्या करासाठी अनवाणी उठला त्याला तलवार. राजा आणि सरदार यांच्यातल्या नात्याची खरी व्याख्या यात आहे. सरदाराचे बंड हे घरातले भांडण होते. शेतकऱ्याचे बंड हा गुन्हा होता.

व्हर्सायचा सौदा

१६६१ मध्ये माझारँ वारला आणि लुईने कारभार स्वतःच्या हाती घेतला. १६८२ मध्ये दरबार कायमचा व्हर्सायला गेला. राजाच्या सकाळी उठण्याच्या समारंभाला कोण हजर राहणार, सदरा कोण पुढे करणार, यावर बड्या घराण्यांची चुरस लागायची. गाईड सांगते की लुईने सरदारांना "सोनेरी पिंजऱ्यात" बंद केले.

पण पिंजऱ्यात दाणा किती होता ते विचारा. निवृत्तिवेतने, दरबारी पदे, फौजेतली पदे, बिशपच्या जागा, मुलींच्या लग्नाला देणग्या. हा पैसा कुठून येत होता? तोच कर. म्हणजे जे पूर्वी सरदार स्वतःच्या बळावर शेतकऱ्याकडून काढत होता, त्यातला मोठा भाग आता राजा काढत होता आणि त्यातून सरदाराला वाटत होता. हात बदलला, खिसा तोच राहिला.

आणि सगळे सरदार काही व्हर्सायला नव्हते. बहुतेक जण आपापल्या प्रांतातच होते. तिथे काय झाले? विल्यम बीक या अमेरिकी इतिहासकाराने १९८५ साली लाँगदोक प्रांतावर पुस्तक लिहिले. मोंमोरांसीचे डोके उडाले तोच हा प्रांत. तिथे स्वतःची प्रांतसभा होती. बावीस बिशप, बावीस बॅरन आणि शहरांचे प्रतिनिधी. राजाला द्यायची रक्कम ही सभा मंजूर करी आणि तिचे नाव होते "खुशीची भेट". भेट देणारे एक आणि भरणारे दुसरेच! बीकने हिशेबाच्या वह्या तपासून दाखवले की प्रांतात गोळा होणाऱ्या करातला बराच वाटा पॅरिसला जातच नव्हता. पगार, भत्ते, वसुलीची दलाली, कर्जावरचे व्याज, देणग्या अशा नावांनी तो त्याच प्रांतातल्या बड्या लोकांकडे परतत होता. लुईच्या काळात प्रांतातले सरदार गप्प झाले ते केवळ भीतीने नव्हे. भागीदारी किफायतशीर होती म्हणून. पेरी अँडरसन यांनी १९७४ साली हेच व्यापक पातळीवर मांडले होते : निरंकुश राजेशाही म्हणजे सरंजामी वर्चस्वाचा अंत नव्हे, ती त्या वर्चस्वाची नवी, दुरुस्त केलेली यंत्रणा.

कुणी म्हणेल, लुईने जुलमी सरदारांना शिक्षा केल्या त्याचे काय? प्रश्न योग्य आहे. १६६५ च्या सप्टेंबरपासून १६६६ च्या जानेवारीपर्यंत ओव्हेर्न्य प्रांतात, क्लेरमाँ इथे खास न्यायालय बसले. त्या डोंगरी भागात सरदारांनी खून, मारहाण, बेकायदा वसुली यांचा कहर केला होता. लोक तक्रारी घेऊन आले. कानियाक घराण्यातल्या एका सरदाराचे डोके खरोखर उडाले. शेतकऱ्यांना काही महिने वाटले असेल की दिवस पालटला. पण बहुतेक आरोपी सरदार आधीच पसार झाले होते. त्यांना गैरहजेरीत शिक्षा झाली आणि त्यांच्या ऐवजी त्यांच्या चित्रांना फाशी देण्यात आली. होय, चित्रांना. न्यायालय उठले, न्यायाधीश परत गेले आणि वाडे तिथेच राहिले.

याच सुमारास लुईने आणखी एक काम केले, ज्याकडे आपण विशेष लक्ष दिले पाहिजे. देशभर खऱ्या-खोट्या सरदारांची छाननी सुरू झाली. अधिकारी कागद मागू लागले. दाखवा, तुमचा बाप, आजा, पणजा सरदार होता का? ज्याला पुरावा देता आला नाही त्याला दंड, आणि त्याचे नाव पुन्हा करपात्र यादीत. मित्रांनो, ज्या राजाने सरदारशाही मोडली असे आपल्याला शिकवतात, तो राजा जन्माचे रजिस्टर नीट लावून घेत होता. त्याने जन्माचा विशेषाधिकार रद्द केला नाही. त्याच्यावर शिक्का मारण्याचा हक्क फक्त स्वतःकडे घेतला.

ब्रिटनी, १६७५

ब्रिटनी हा फ्रान्सचा पश्चिमेकडचा प्रांत. तिथेही प्रांतसभा होती. १६७३ साली या सभेने लाखो लिव्र मोजून राजाचे काही हुकूम मागे घ्यायला लावले. त्यात सरदारांच्या खाजगी न्यायाधिकारावर गदा आणणारा हुकूमही होता. बड्यांचे काम झाले. राजाला मात्र हॉलंडच्या युद्धासाठी पैसा हवाच होता. मग स्टँप पेपर आला, तंबाखूवर कर आला, कथलाच्या भांड्यांवर छाप आली. १६७५ मध्ये आधी शहरे उठली आणि उन्हाळ्यात खेडी.

खेड्यांतल्या उठावाने मात्र वेगळे वळण घेतले. लाल टोप्या घातलेले शेतकरी नुसत्या कराविरुद्ध थांबले नाहीत. ते सरदारांच्या वाड्यांवर गेले. जुलैमध्ये केरगोएतचा वाडा लुटला गेला. ठिकठिकाणी सरदारांना धरून, हक्क सोडल्याच्या कागदांवर त्यांच्या सह्या घेतल्या गेल्या. सेबास्तियाँ ल बाल्प नावाचा एक नोटरी त्यांचा पुढारी झाला. म्हणजे कागद वाचता येणारा माणूस.

किनाऱ्याकडच्या चौदा गावांनी मिळून एक मागणीपत्र केले. ते "शेतकऱ्यांची संहिता" म्हणून ओळखले जाते. त्यात पिकातला हिस्सा आणि वेठ रद्द करण्याची मागणी आहे. तंबाखू रविवारी चर्चमध्ये प्रसादाच्या पावाबरोबर वाटावी, अशीही एक मागणी आहे, वाचून हसू येते. पण एक कलम असे आहे की हसू थांबते. सरदारांच्या मुलींनी सामान्य घरातले नवरे निवडावेत आणि त्या लग्नाने ते नवरे सरदार व्हावेत. हे कलम पुरुषांनी लिहिले आहे आणि मुलींना काय हवे ते कुणी विचारलेले नाही, हेही नोंदवते. तरीसुद्धा शिक्षण नसलेल्या त्या शेतकऱ्यांना एक गोष्ट कळली होती. नुसता खंड कमी करून भागत नाही, उतरंड लग्नाच्या दारातून टिकते. "जातिप्रथेचे विध्वंसन" वाचलेला माणूस या कलमापाशी थांबल्याशिवाय राहणार नाही.

पुढे काय झाले? सप्टेंबरमध्ये ल बाल्पला त्याने कैदेत ठेवलेल्या एका सरदारानेच तलवारीने मारले. मग राजाची फौज आली. ज्या सरदारांनी स्टँप पेपरविरुद्ध कुरकुर केली होती, तेच आता फौजेची वाट बघत होते. झाडांना माणसे टांगली गेली. मादाम द सेव्हिन्ये या सरदार स्त्रीच्या प्रसिद्ध पत्रांत त्या फाशांचे उल्लेख सापडतात. काही गावांत चर्चचे मनोरे पाडले गेले, कारण तिथल्या घंटा वाजवून लोक गोळा झाले होते. लोकांना एकत्र बोलावणारा आवाजसुद्धा शिक्षेस पात्र ठरला. हिवाळाभर सैनिक लोकांच्या घरांत राहिले, खाल्ले, लुटले.

गव्हर्नर होता शोनचा ड्यूक, म्हणजे सरदार. फौज राजाची. वाचवायचे होते वाडे. आता सांगा, राजा आणि सरदार विरोधक होते की भागीदार?

दोन करार : ब्रांडेनबर्ग आणि डेन्मार्क

कुणी म्हणेल, ही फ्रान्सचीच गोष्ट. म्हणून आणखी पूर्वेला जाऊ. तीस वर्षांचे युद्ध १६४८ ला संपले. ब्रांडेनबर्गचा शासक फ्रेडरिक विल्यम याला कायमची फौज हवी होती. सरदार, ज्यांना युंकर म्हणतात, पैसे मंजूर करायला तयार नव्हते. १६५३ साली तडजोड झाली. सहा वर्षांत ५,३०,००० थेलर शासकाला मिळतील. बदल्यात युंकरांचे विशेषाधिकार कायम आणि त्यांच्या जमिनीवरच्या शेतकऱ्यांवरचा ताबाही कायम. भूदासत्व जिथे रूढ होते तिथे त्यावर शिक्कामोर्तब झाले. एखादा शेतकरी म्हणाला की मी भूदास नाही, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच. म्हणजे गुलामी गृहीत आणि स्वातंत्र्याला पुरावा! आणि ते थेलर भरले कुणी? मुख्यतः शेतकऱ्यांनी आणि शहरांनी. आपल्याच बेडीची किंमत त्यांच्याकडून वसूल झाली.

डेन्मार्कचा दाखला अधिक बोचरा आहे, कारण तिथे राजाने खरोखर सामान्यांना हाताशी धरून सरदारांना नमवले. स्वीडनशी युद्धात देश कंगाल झाला होता. १६६० साली कोपनहेगनमध्ये सभा भरली. धर्मगुरू आणि शहरवासी यांनी राजा तिसरा फ्रेडरिक याची बाजू घेतली. शहराचे दरवाजे बंद करण्यात आले आणि सरदारांनी वंशपरंपरागत राजेशाहीला मान तुकवली. करमाफीचा आणि जमिनीचा सरदारांचा मक्ता गेला. कागदावर पाहिले तर ही क्रांतीच होती.

पण त्या सभेत शेतकरी नव्हते. लोकसंख्येत बहुसंख्य असलेल्यांचा एकही प्रतिनिधी नाही. पुढे राजाने कर गोळा करण्याची जबाबदारी मोठ्या जमीनदारांवर टाकली आणि त्यांना सवलती दिल्या. १६७१ मध्ये काउंट आणि बॅरन अशा नव्या पदव्या निघाल्या. जुने सरदार गेले, नवे आले. आणि १७३३ साली, निरंकुश राजाच्या सहीने, कायदा झाला की १४ ते ३६ वयाच्या शेतकरी पुरुषाने जन्माची जहागीर सोडून जायचे नाही. राजाला सैन्यभरतीसाठी माणसे हवी होती आणि जमीनदारांना स्वस्त मजूर. दोघांचेही भागले. १७६४ मध्ये ही वयोमर्यादा ४ ते ४० झाली. चार वर्षांचे पोर कायद्याने जमिनीला बांधलेले! हे बंधन सुटायला १७८८ साल लागले.

जिथे बाक होता

आता स्वीडनकडे बघू. तिथल्या राष्ट्रसभेत चार वर्ग होते. सरदार, धर्मगुरू, शहरवासी आणि चौथा वर्ग शेतकऱ्यांचा. युरोपात ही दुर्मीळ गोष्ट होती.

सतराव्या शतकात स्वीडनचे राज्यकर्ते युद्धखर्चासाठी सरकारी जमिनी आणि महसुलाचे हक्क सरदारांना देत सुटले. शेतकऱ्यांना धोका स्पष्ट दिसला. जमीन सरदाराकडे गेली की आपण त्याचे कूळ होणार, आणि कूळ झालो की सभेतला बाकही जाणार. १६५० साली तिन्ही खालच्या वर्गांनी मिळून राणी क्रिस्टिनापुढे निषेध मांडला : दिलेल्या जमिनी परत घ्या. राणीने त्या दबावाचा वापर करून सरदारांकडून आपला वारस मान्य करून घेतला आणि काम झाल्यावर मागणी सोडून दिली. वापरून फेकण्याची ही पद्धत जुनीच आहे.

पण बाक शिल्लक होता, म्हणून मागणीही शिल्लक राहिली. १६८० साली, राजा अकरावा चार्ल्स याच्या काळात, याच तीन वर्गांच्या पाठिंब्याने राष्ट्रसभेने जमिनी परत घेण्याचा निर्णय केला. सरदारांकडच्या जमिनीचा मोठा भाग सरकारजमा झाला. शेवटी साधारण एक तृतीयांश जमीन त्यांच्याकडे उरली. स्वीडनचा शेतकरी भूदास झाला नाही.

स्वीडन काही स्वर्ग नव्हता. सरदारांच्या जमिनीवरच्या कुळांना त्या चौथ्या वर्गात जागा नव्हती, भूमिहीनांना तर नाहीच. फायदा राजाचाही झाला, तो पुढे निरंकुश झाला. युद्धाला माणसे शेतकऱ्यांच्याच घरांतून गेली. तरीही डेन्मार्क आणि स्वीडन यांची तुलना करा. दोन शेजारी देश, एकच धर्मपंथ, दोन्हीकडे राजाने सरदारांना नमवले. एकीकडे चार वर्षांचे पोर जमिनीला बांधले गेले, दुसरीकडे शेतकरी मोकळा राहिला. कारण एकच होते असे मी म्हणणार नाही. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून तेवढे भान ठेवते. पण सभेतला स्वतःचा बाक हे त्यातले मोठे कारण होते.

कागद जाळणारे हात

फ्रान्सकडे परत येऊन लेख संपवते. लुईनंतर सहासष्ट वर्षांनी, १७८१ साली, फ्रेंच सरकारने नियम केला की फौजेत थेट अधिकारी व्हायचे असेल तर चार पिढ्यांचे सरदारपण दाखवावे लागेल. म्हणजे "आधुनिक राज्याचा पाया" घातल्यानंतर जन्माची अट सैल झाली नाही, आणखी घट्ट झाली.

मग १७८९ आले. त्या जुलैमध्ये शेतकरी वाड्यांवर गेले तेव्हा ते अनेक ठिकाणी आधी काय शोधत होते? कागद. खंड, वेठ, हिस्सा यांची नोंद असलेली जुनी दप्तरे. ती अंगणात आणून जाळली. ब्रिटनीत ११४ वर्षांपूर्वी सह्या घेतल्या होत्या, आता दप्तरच पेटवले. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रसभेने सरंजामशाही संपल्याचे जाहीर केले, पण जमिनीशी निगडित बरेच हक्क भरपाई देऊन सोडवून घ्यावेत, अशी मेख ठेवली. शेतकऱ्यांनी भरपाई द्यायला नकार दिला आणि पुन्हा पुन्हा उठाव केले. शेवटी जुलै १७९३ मध्ये ते हक्क भरपाईशिवाय रद्द झाले. राजाने दीडशे वर्षांत जे केले नाही ते चार वर्षांत झाले, कारण या वेळी मागणारे थांबले नाहीत.

म्हणून अभ्यासवर्गातल्या माझ्या त्या धाकट्या बहिणीला सांगते. "राजाने सरदारांची सत्ता मोडली" हे वाक्य परीक्षेत लिही, गुण मिळतील. पण वहीच्या समासात तीन प्रश्न लिहून ठेव. वाटणी कशाची झाली? बैठकीत कोण होते? आणि भरले कुणी? वरचे दोघे भांडतात तेव्हा खालच्याला वाटते की यांतला एक आपला आहे. कधी तो राजाचा जयजयकार करतो, कधी सरदाराच्या मागे जातो. नॉर्मंडीचे अनवाणी लोक राजाच्या नावाने ओरडत मेले.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले, तेव्हा ते कुणाच्या दयेचा एक तुकडा मागत नव्हते. आपल्या वतीने दुसरा कुणी बोलेल, या भरवशावर राहिलेल्यांचे काय होते, हे त्यांना पक्के माहीत होते. कोपनहेगनच्या त्या सभेत शेतकऱ्याची खुर्ची नव्हती. तिची किंमत चार वर्षांच्या पोरांनी मोजली.

जयभीम!